दुःखानं माणूस घडतो का? कुमारजींच्या निमित्तानं थोडं चिंतन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या आठवड्यात आपल्या गटात एक संदेश फिरला. बहुतेकांनी वाचला असेल. सोन्याला भट्टीत घालतात तेव्हाच ते चमकतं, असा त्याचा आरंभ होता. पुढे पंडित कुमार गंधर्वांचं उदाहरण होतं. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालं तरी ते जगप्रसिद्ध गायक झाले, म्हणून संकट आलं की देवाचे आभार माना, असा शेवट होता. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांगच लागली. आम्हीही एक खूण टाकली आणि कुकर लावायला उठलो.

रात्री आपल्याच एका ताईंचा आम्हाला वेगळा निरोप आला. "ताई, माझा मुलगा दोन वर्षं अंथरुणाला आहे. त्याला हे काय घडवतंय?"

बस्स, एवढंच. राग नाही, तक्रार नाही. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. कारण दोन वर्षांपूर्वी, मुलगा आजारी पडला तेव्हा, सत्संगानंतर चपला घालता घालता आम्हीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "अहो, परीक्षा चांगल्या विद्यार्थ्याचीच होते. गुरू तुम्हाला घडवताहेत." तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या. आपण धीर दिला, या समाधानात आम्ही घरी आलो. त्यानंतर त्या सत्संगात फारशा दिसल्या नाहीत. मुलाचं करावं लागतं, म्हणून येत नसतील, असं आम्ही धरून चाललो. आता वाटतं, तेवढंच कारण नसावं.

म्हणून या वेळी चिंतनाला हाच प्रश्न घेऊ या. दुःखानं माणूस घडतो का? आणि घडत असेल, तर ते दुसऱ्याला सांगायचा अधिकार आपल्याला आहे का? उदाहरण कुमारजींचंच घेऊ, कारण संदेशात त्यांचं अर्धंच सांगितलं होतं.

*सुळेभावी ते देवास*

बेळगावच्या मंडळींना सुळेभावी गाव माहीत असेलच. तिथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी या मुलाचा जन्म झाला. घर कानडी, लिंगायत. लहानपणीच या मुलाचं एक नवल सगळ्यांच्या लक्षात आलं. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायच्या आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या. तेच वळण, तीच तान. लोक थक्क होत. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्या कोवळ्या वयातली. मैफली होऊ लागल्या, बिदागी येऊ लागली.

पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण सुरू झालं. देवधर मास्तर हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांच्याकडे एकाच घराण्याची कवाडं लावून बसण्याची रीत नव्हती. वेगवेगळ्या घराण्यांचे गवई येत, गाणं होई, चर्चा होई. दुसऱ्याची नक्कल करणाऱ्या या मुलाला 'हे असं का?' हा प्रश्न विचारायची सवय तिथे लागली. हे लक्षात ठेवायला हवं. आजारपणाच्या आधीची ही दहाएक वर्षांची शिदोरी आहे.

१९४७ साली त्यांचं भानुमतीताईंशी लग्न झालं. त्याही देवधर मास्तरांच्याच विद्यालयातल्या, स्वतः गाणाऱ्या. आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. वय तेविशीतलं. मुंबईची दमट हवा सोसणार नाही, कोरड्या हवेत जा, असं ठरलं. म्हणून १९४८ च्या जानेवारीत ही दोघं आपल्या माळव्यात, देवासला आली. गाण्यावर बंदी. बोलणंसुद्धा बेतानं.

इंदूरहून देवास चाळीसेक किलोमीटर. आपल्यापैकी अनेकजण टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा मातेच्या दर्शनाला जातो. त्या टेकडीच्या पायथ्याच्या परिसरातच पुढे कुमारजींचं घर झालं. पण सुरुवातीची ती पाच-सहा वर्षं म्हणजे अंथरूण, खिडकी आणि शांतता. ज्याचा श्वास म्हणजेच गाणं, त्याला श्वास जपायचा म्हणून गाणं बंद!

पुढची गोष्ट संदेशात होती ती. औषधानं आजार हटला, एक फुफ्फुस मात्र कामातून गेलं. पन्नाशीच्या दशकात ते पुन्हा मैफलीत उभे राहिले आणि आधीपेक्षा अगदी वेगळं गाणं घेऊन आले. माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग उभे केले, निर्गुणी भजनं गायली, पावसाळ्याची, हेमंताची, वसंताची गाणी गुंफून ऋतूंचे कार्यक्रम केले. कबीर, सूरदास, मीरा, तुकोबा यांना मैफलीत आणून बसवलं. १९६५ साली त्यांच्या बंदिशींचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक आलं. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला.

हे सगळं खरं आहे. पण त्यातून 'आजार झाला म्हणून मोठे झाले' हा निष्कर्ष निघतो का?

*मग तो प्रत्येक रुग्णाला का नाही मिळाला?*

आधी एक साधा हिशोब करू. त्या काळी आपल्या देशात क्षय घरोघरी होता. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी 'राजयक्ष्मा' हा शब्द दबक्या आवाजात यायचा, कारण तो झाला की माणूस जायचाच. मिरजेच्या, पाचगणीच्या आरोग्यधामांत कितीतरी जण वर्षानुवर्षं असेच खिडकीशी पडून होते. त्यांच्यातही कोणी गाणारे असतील, कोणी कवी असतील. त्यांनाही तीच शांतता मिळाली होती. ते घडले नाहीत. ते गेले.

दुसरं उदाहरण तर त्याच घराण्यातलं. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर म्हणजे आपले बापूराव. त्यांची भजनं आजही आपल्या घरात सकाळी लागतात. कुमारजींपेक्षा तीनच वर्षांनी मोठे. इतका निर्मळ आवाज, इतका सात्त्विक माणूस. १९५५ साली मेंदूज्वरानं चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या आजारानं त्यांना काय शिकवलं? काही शिकवायला त्यानं वेळच ठेवला नाही. मग काय म्हणायचं, एकाला देवानं घडवलं आणि दुसऱ्याला नापास केलं? असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही, आणि रेटूही नये.

उलट बाजूचंही उदाहरण आहे, तेही प्रामाणिकपणे मांडू. खुद्द विष्णु दिगंबरांचे डोळे लहानपणी कुरुंदवाडला फटाक्याच्या अपघातात गेल्यासारखे झाले. उपचारासाठी मिरजेला नेलं, दृष्टी पुरती परतली नाही, आणि मग बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. पुढे त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं सामान्य घरांत, मुलीबाळींपर्यंत पोचवलं. डोळे शाबूत असते तर कदाचित ते गाण्याकडे वळलेही नसते. म्हणजे संकटातून वाट निघते, हे खोटं नाही. पण वाट निघते ती मिरजेत बाळकृष्णबुवा असतात म्हणून. नुसत्या फटाक्यानं कोणी गवई होत नाही.

आमच्या मनाला हे असं पटतं. दुष्काळानं पीक येत नाही. दुष्काळातही एखादा शेतकरी पीक काढतो ते आधी खणलेल्या विहिरीवर, राखून ठेवलेल्या बियाण्यावर आणि शेजाऱ्यानं दिलेल्या बैलजोडीवर. पीक बघून आपण दुष्काळाला हार घालत नाही.

*कुमारजींची विहीर*

मग कुमारजींच्या बाबतीत ही विहीर कोणती होती? आम्हाला चार गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे आधीची साधना. अंथरुणावर पडल्यावर गळा बंद होता, पण कानात आणि मनात गाणं साठलेलं होतं. साधना संकट आल्यावर सुरू करायची नसते, असं आपल्याकडे सांगतात ते उगीच नाही. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे औषध. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध अमेरिकेत १९४३ साली सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे मिळू लागलं. कुमारजी वाचले ते त्या औषधानं. दहा वर्षं आधी हाच आजार झाला असता तर? आपण श्रद्धावान माणसं बऱ्याचदा अशा गोष्टीत औषधाचं नाव गाळतो. त्यानं देवाचं महत्त्व वाढेल असं आपल्याला वाटत असावं. पण प्रयोगशाळेत रात्रंदिवस खपणाऱ्या माणसाच्या हातूनही तोच काम करतो, असं मानलं तर काय बिघडतं?

तिसरी गोष्ट, आणि इथे आम्ही जरा थांबणार आहोत, भानुमतीताई.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. स्वतःचं गाणं, स्वतःची हौस, मुंबईचं विद्यालय, सगळं मागे ठेवून ही तरुण मुलगी एका अनोळखी गावात आजारी नवऱ्याला घेऊन आली. क्षय म्हटलं की तेव्हा लोक दारातून मागे फिरायचे. तिनं शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, पथ्यपाणी सांभाळलं, औषधाच्या वेळा सांभाळल्या, आणि गाता न येणाऱ्या गवयाचं मन सांभाळलं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड असणार. आजारी माणसाचं करणारीला विचारा. नवरा बरा झाला, गाऊ लागला, नाव झालं. आणि १९६१ साली दुसऱ्या बाळंतपणात त्या गेल्या.

त्यांच्या गाण्याचं काय झालं? कुमारजींच्या मौनातून काय उगवलं ते आपण ऐकतो. भानुमतीताईंच्या मौनातून काय उगवलं असतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. एकाची साधना फळाला येते तेव्हा तिची किंमत कधी कधी दुसऱ्यानं भरलेली असते. तुकोबांचं बघा. दुष्काळात पहिली बायको गेली, मूल गेलं, धंदा बसला, आणि तुकोबा विठ्ठलाला भिडले. आपण त्यांचं वैराग्य गातो. पण घरात चूल पेटवायची होती ती जिजाईंना. त्यांना आपल्या कीर्तनांत आपण फार तर कजाग बाई म्हणून आणतो आणि हसतो. दुःखानं तुकोबा घडले म्हणताना जिजाईंचं काय झालं, हे विचारायला नको का?

आपल्या सेवेकरी घरांतही हे आहे बरं. कोणी ध्यानाला पहाटे चारला उठतो, तेव्हा त्याच्या चहाला कोणीतरी साडेतीनला उठलेली असते.

कुमारजींच्या घरी पुढे वसुंधराताई आल्या. १९६२ साली त्यांचं लग्न झालं. त्याही देवधर मास्तरांकडे शिकलेल्या. कुमारजींच्या मागे तंबोरा घेऊन बसणाऱ्या, बरोबरीनं गाणाऱ्या, आणि त्यांच्या पश्चात स्वतः पद्मश्री मिळवणाऱ्या. म्हणजे एकाच घरात दोघांचं गाणं वाढू शकतं. एकाचं वाढायला दुसऱ्याचं थांबायलाच हवं, हा काही देवाचा नियम नाही. हे वाचून आम्हाला बरं वाटलं.

*खिडकीतून आलेलं गाणं*

चौथी गोष्ट म्हणजे ऐकणं. इथे मात्र आजारपणाचा वाटा आहे, तो मान्य करायला हवा.

लहानपणापासून या मुलाला लोकांनी ऐकलं होतं. वाहवा ऐकायची त्याला सवय होती. देवासला पहिल्यांदा असं झालं की गायचं नाही, फक्त ऐकायचं. आणि ऐकायला काय होतं? मोठे उस्ताद नव्हते. लग्नात बन्ना-बन्नी गाणाऱ्या माळव्याच्या बायका होत्या. दारावर येणारे जोगी होते, नाथपंथी होते. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तिथे निर्गुणी भजनांची परंपरा होती. ज्या गाण्यांना कोणी गाणं म्हणत नव्हतं, ती हा माणूस जीव लावून ऐकत होता. पुढे त्यानं ती जमवली, लिहून काढली, आणि त्याला दिसलं की रागांचं मूळ इथेच आहे. बायाबापड्यांच्या या चार सुरांच्या धुनांतून त्यानं जे नवे राग उभे केले त्यांना नावच दिलं, धुनउगम राग.

आम्हाला यात मोठी आध्यात्मिक गोष्ट वाटते. साधना म्हणजे काहीतरी करणं, मिळवणं, चढत जाणं, असं आपण समजतो. इतके जप, इतकी पारायणं. पण कधी कधी साधना म्हणजे आपला आवाज बंद करून दुसऱ्याचा आवाज आत येऊ देणं. सर्जन तिथून सुरू होतं. रिकाम्या घागरीतच पाणी भरतं.

त्यांची मधसूरजा रागातली एक बंदिश प्रसिद्ध आहे. ती आहे एका बकरीच्या तोंडची. बळी द्यायला नेलेली बकरी देवीआईला विनवते की मला वाचव, घरी माझं पिल्लू आहे. एवढीच गोष्ट. पण ऐकताना गळा दाटतो. टेकडीवर नवस फेडायला जाणारे हजारो लोक असतील. बकरीचं ओरडणं सगळ्यांच्या कानांवर पडतं. त्यात एका आईचा आवाज ऐकू येणं, ही कानांची नाही, काळजाची तयारी आहे.

दुःखानं ही तयारी होऊ शकते. पण होतेच असं नाही. दुःखानं माणूस कडवट होतो, चिडका होतो, स्वतःपुरता होतो, हेही आपण आपल्याच घरात पाहिलेलं आहे. आम्ही स्वतःही तसं वागलो आहोत. दुःख नुसती जागा करून देतं. तिथे काय पेरायचं हे त्या माणसावर असतं, आणि त्याच्या भोवती कोण आहे यावरही.

जाणकारांत आणखी एक वाद आहे. कुमारजींच्या गाण्यात छोटे छोटे, धारदार तुकडे येतात, मध्येच थांबणं येतं. काहीजण म्हणतात, एकच फुफ्फुस होतं म्हणून. काहीजण म्हणतात, छे, तो त्यांचा विचार होता, दम कमी म्हणून केलेली सोय नव्हे. आम्ही काही संगीतातले तज्ज्ञ नाही. पण आम्हाला वाटतं, दोन्ही खरं असू शकेल. शरीरानं मर्यादा घातली असेल. त्या मर्यादेचं काय करायचं हे मात्र शरीरानं ठरवलं नाही. उणीव झाकायची असती तर ते सोपं गाणं गाऊ शकले असते. त्यांनी त्या थांबण्यालाच अर्थ दिला. माणूस घडणं म्हणतात ते इथे, आणि त्याचं श्रेय फुफ्फुसाला लागलेल्या जंतूंना देणं म्हणजे त्या माणसाचा अपमान आहे.

*कुंतीनं काय मागितलं*

आता आपल्यातले काहीजण म्हणतील, ताई, हे सगळं ठीक, पण भागवतात कुंतीनं श्रीकृष्णाकडे संकटंच मागितली ना? संकटात तुझं दर्शन होतं, म्हणून ती येत राहोत, असं ती म्हणाली. मग दुःखाला कृपा म्हणण्यात चूक काय?

हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला. आणि विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. कुंतीनं संकटं मागितली ती स्वतःसाठी. आणि मागितली ती सगळं भोगून झाल्यावर, लाक्षागृह, वनवास, युद्ध सगळं पार पडल्यावर. उत्तरेसमोर अभिमन्यूचं प्रेत असताना कुंती तिला जाऊन म्हणाली नाही की सुनबाई, ही कृपा आहे.

आमच्या मते या सगळ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दुःखाला कृपा म्हणण्याचा अधिकार फक्त ज्याचं दुःख त्याचा. तोही त्याला वाटलं तर, आणि वाटेल तेव्हा. दुसऱ्याच्या दुःखाला आपण कृपा म्हणतो तेव्हा खरं तर आपण आपली सुटका करून घेत असतो. कारण ती कृपा असेल तर मग मदत करायला कशाला हवी? परीक्षाच चालू असेल तर मध्ये पडून कसं चालेल? शब्द किती गोड, पण त्या शब्दांनी आपण हात धुऊन मोकळे होतो.

प्रारब्धाचंही तसंच. स्वतःच्या बाबतीत प्रारब्ध म्हणणं ही शरणागती असू शकते. दुसऱ्याच्या बाबतीत म्हणणं हा बहुतेक वेळा आळस असतो. गुरूंनी आपल्याला सेवा सांगितली ती याचसाठी असेल, की दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावत बसू नका, ते उचलायला हात लावा.

*पुढे काय झालं*

त्या ताईंना आम्ही त्या रात्री उत्तर लिहिलं नाही. चार-पाच वेळा लिहिलं आणि पुसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. प्रसाद नेला नाही, पुस्तक नेलं नाही. दार उघडल्यावर म्हटलं, "त्या दिवशी सत्संगात मी जे बोलले ते चुकलं. मला माफ करा." त्या काही बोलल्या नाहीत. पाणी दिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ताई, तुम्ही दोन तास त्याच्याजवळ बसाल का? मला निवांत केस धुवायचे आहेत."

दोन वर्षांत त्यांना निवांत केस धुवायला मिळाले नव्हते! आणि आम्ही त्यांना सोन्याची आणि भट्टीची गोष्ट सांगत होतो.

आम्ही बसलो. मुलगा झोपला होता, मध्ये एकदा उठला, पाणी मागितलं, दिलं. दोन तासांत आमच्याकडून अध्यात्माचा एक शब्द निघाला नाही. निघताना ताईंनी दारापर्यंत येऊन विचारलं, "पुढच्या बुधवारी जमेल?" आम्हाला वाटतं, इतक्या वर्षांच्या सेवेत आम्हाला मिळालेला हा सर्वांत मोठा प्रसाद.

त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे अजूनही नाही. त्या मुलाला हे दुखणं काय घडवतंय, आम्हाला माहीत नाही. काहीच घडवत नसेल. नुसतंच दुखत असेल. तसं असलं तरी त्याच्याजवळ बसायला आपल्याला कोणी मनाई केलेली नाही. भानुमतीताई देवासला नवऱ्याजवळ बसल्या तेव्हा हा पुढे मोठा गवई होणार, हे त्यांना कुठे माहीत होतं? कदाचित तो जगणारही नाही, हे मात्र पक्कं माहीत होतं. तरी बसल्या.

आता आमच्या इथल्या सहा-सात जणींनी बुधवार आणि शनिवारच्या पाळ्या वाटून घेतल्या आहेत. सत्संगाच्या यादीत ते लिहिलेलं नाही, पण आम्ही ते सत्संगच धरतो.

*या आठवड्यात घरी विचार करू या*

१) माझ्या ओळखीत असं कोण आहे, ज्याला मी मदतीऐवजी उपदेश दिला?

२) माझी साधना, माझी सेवा चालावी म्हणून घरात कोणाचं काय थांबलं आहे? त्या व्यक्तीला मी ते कधी विचारलं आहे का?

३) दिवसातून दहा मिनिटं, काही न बोलता, घरातल्या एखाद्याचं नुसतं ऐकणं मला जमेल का?

आणि जमलं तर एका संध्याकाळी दिवाबत्तीनंतर सगळ्यांनी मिळून कुमारजींचं एखादं निर्गुणी भजन लावा. मोबाईल बाजूला ठेवून ऐका. त्यांच्या सुरांच्या मध्ये जी शांतता येते ना, तिच्याकडे लक्ष द्या. ती एकट्या कुमारजींची नाही. देवासच्या त्या घरात पाच-सहा वर्षं कोणीतरी ती त्यांच्यासाठी राखली होती.

गुरुचरणी एवढंच मागणं, की दुसऱ्याचं दुःख दिसलं की आमच्या तोंडाआधी आमचे हात पुढे येवोत.

काही चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं. 🙏

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपलीच,
इंदूर मंडळातली एक सेविका